टायर कडेने का झिजतं?

मागच्या दिवाळीत आज्जीला दवाखान्यात दाखवायला आम्ही बीडहून अंबाजोगाईला निघालो होतो. मांजरसुंब्याचा घाट चढलो, नेकनूर मागे पडलं आणि पुढचं डावं टायर फुटलं. समोरून उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत होता. वेग कमी होता म्हणून गाडी साईडपट्टीवर घेता आली.

टायर वर्षाचंसुद्धा नव्हतं! बाहेरून नक्षी छान, पण आतल्या कडेला तारा दिसत होत्या. उजव्या टायरचीही तीच गत. पंक्चरवाल्या काकांनी एकच प्रश्न विचारला, "टाय रॉड बदलला व्हता का?" बदलला होता, चार महिन्यांपूर्वी. अलाइनमेंट मात्र केली नव्हती. तेव्हापासून सरळ रस्त्यालाही स्टिअरिंग थोडं तिरकं धरावं लागायचं आणि पप्पा म्हणायचे, "सवय होईल."

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, आणि हे मला पंक्चरवाल्याने शिकवावं! होस्टेलवर येऊन हिशेब केला. चाक सरळ दिशेपासून फक्त अर्धा अंश वळलेलं असलं, तर ०.५ अंशाचा साइन ०.००८७. म्हणजे ढोबळमानाने दर किलोमीटरला टायर जवळपास ९ मीटर आडवं घासतं. दहा हजार किलोमीटरमध्ये झाले ८७ किलोमीटर! यालाच 'टो' बिघडणं म्हणतात. पुढची चाकं बाहेरच्या बाजूला फाकली तर आतल्या कडा जातात, आत वळली तर बाहेरच्या. अशा टायरवरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेला गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं की नक्षीच्या कडा टोचतात.

बाकीची झीज ओळखायला सोपी. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधला पट्टा गेला तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघावं. हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची; आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. स्टेपनीची हवाही बघा, आमची त्या दिवशी निम्मीच होती. नक्षी १.६ मिलिमीटर उरली की टायर बदलायचं. खाचांमधल्या बारीक उंचवट्यांच्या पातळीला नक्षी आली की समजायचं, वेळ झाली.

आपल्याकडे ऊस हंगामात ट्रॅक्टरला वाट देताना गाडी डांबराखाली उतरवावीच लागते. काळ्या मातीने साईडपट्टी खचलेली, त्यामुळे चढताना चाकाला दणका बसतो. असा मोठा दणका बसला किंवा स्टिअरिंगचा कुठलाही पार्ट बदलला, की अलाइनमेंट करूनच घ्या. शिवाय आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची टायरं मागे टाकावीत.

परवा कॉलेजच्या पार्किंगमध्ये मी वाकून एकेका गाडीच्या टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवत होतो. दोन गाड्या सापडल्या. त्यातल्या एका गाडीचे सर मागेच उभे होते. म्हणाले, "काय रे, हवा सोडतोस काय?"