सीमेवरचे नवापूर

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर नावाचे एक स्थानक आहे. त्याच्या एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, तर उरलेला गुजरातेत आहे. तिकीटघर नंदुरबार जिल्ह्यात, तर स्थानकप्रमुखाची कचेरी तापी जिल्ह्यात! फलाटावरील एका बाकाच्या मधूनच सीमा जाते. त्यावर शेजारी शेजारी बसलेले दोन प्रवासी दोन निरनिराळ्या राज्यांत बसलेले असतात.

असे का झाले? स्थानक उभे राहिले, तेव्हा ही सीमाच नव्हती. सारा मुलूख मुंबई इलाख्यात होता. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. जळगाव हे पूर्व खानदेशाचे आणि धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे ठरले. पुढे १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची महाराष्ट्र व गुजरात अशी दोन राज्ये झाली.

विभागणीचा पाया भाषा हा होता. परंतु तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या रानातील भिल्ल, मावची, कोकणा इत्यादी लोकांच्या बोलींत मराठी व गुजराती या दोहोंच्या खुणा आढळतात. मग ही माणसे कोणाची? डांगवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला गेला. अखेर तो गुजरातेत गेला. पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवे या तालुक्यांतील दीडशेहून अधिक गावेही गुजरातेत गेली. त्यांपैकी काहींची जमीन पुढे उकाई धरणाच्या जलाशयाखाली आली.

नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. तिच्या काठी राहणे तितके सोपे नसते. काल धुळ्याच्या कचेरीत मराठीत अर्ज देणाऱ्या शेतकऱ्याला आता दुसरी कचेरी व दुसरी लिपी शोधावी लागली. सोयरीक एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात, असे झाले.

तरीही माणसांची ये-जा थांबली नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास गुजरातेतील देवमोगरा येथे याहामोगी मातेची यात्रा भरते. तिला दोन्ही राज्यांतील आदिवासी कुटुंबे जातात. देवीपुढे धान्य ठेवताना त्यांना कोणीही राज्य विचारीत नाही.

स्वाध्याय
१. नवापूर स्थानक दोन राज्यांत कसे विभागले गेले?
२. केवळ भाषेच्या आधारे येथे सीमा ठरविणे कठीण का होते?
३. 'नकाशावर रेघ ओढणे सोपे असते' या विधानाचा आशय स्पष्ट करा.