सजगता : आधी मोठ्यांनी, मग मुलांनी

हल्ली 'माइंडफुलनेस' हा शब्द प्रशिक्षणांत हमखास ऐकू येतो. मराठीत त्याला सजगता म्हणतात. अर्थ साधा आहे : आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष असणं आणि त्यावर लगेच चांगलं-वाईट असा शिक्का न मारणं. बरेच जण 'मन रिकामं करायचं' असं समजून बसतात. मग दोन मिनिटांत भाजी, कर्जाचा हप्ता, अपुरा राहिलेला तक्ता असं सगळं मनात येतं आणि 'हे काही आपल्याला जमणार नाही' म्हणून सोडून देतात. खरं तर लक्ष भरकटलंय हे कळणं आणि ते परत आणणं, हाच सराव. मिनिटात दहा वेळा परत आणावं लागलं तरी चालतं.

ही काही परदेशी चीज नव्हे. पालीतला 'सति' म्हणजे संस्कृतातली 'स्मृती'. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. पुढे १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी धार्मिक भाग बाजूला ठेवून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. त्यातला एकच मनुका अगदी सावकाश, चव घेत खाण्याचा सराव प्रसिद्ध आहे. डबा खाताना पहिला घास तसा खाऊन बघा. पाच मिनिटांत डबा संपवणाऱ्या आपल्या लोकांना तेवढंही जड जातं!

आता शाळेतलं बोलू. तिसरी तासिका सुरू व्हायची आहे. मोबाइलवर निरोप येतो, 'माहिती आजच सादर करा.' खांदे ताठ होतात, छातीत धडधड वाढते. आपण वर्गात शिरतो आणि पहिल्याच बाकावरचा मुलगा म्हणतो, "सर, वही घरी राहिली." पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. राग निरोपाचा, निघतो मुलावर. त्याला मात्र वाटतं, वही विसरणं हा केवढा मोठा गुन्हा!

इथे अर्धं मिनिट पुरतं. वर्गाच्या दाराशी थांबायचं. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले जाणवू द्यायचे. श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडताना जास्त लावायचा, असं तीनदा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी मंदावते, हे शरीरशास्त्र आहे. मग मनात म्हणायचं, 'आत्ता मी चिडलोय, त्या निरोपामुळे.' वहीबद्दल विचारायचंच, पण मग ते फक्त वहीबद्दलच असतं.

पालकांसाठीही हेच. कामावरून आल्या आल्या, चपला काढायच्या आधीच "अभ्यास झाला का?" हा प्रश्न येतो. आधी हातपाय धुवावेत, पाण्याचा स्पर्श जाणवू द्यावा, मग मुलाशी बोलावं.

मुलांना शिकवायची घाई मात्र नको. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाचा मोठा अभ्यास झाला, ११ ते १४ वयाच्या ८ हजारांहून अधिक मुलांवर. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : शिक्षकांनी वर्गात घेतलेल्या सजगतेच्या पाठांमुळे मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नाही. शिक्षकांचा थकवा मात्र सुरुवातीला थोडा कमी झालेला आढळला, जरी वर्षभरात तो फरक बराच ओसरला. माझ्या मते यातून क्रम कळतो. 'डोळे मिटा, गप्प बसा' ही वर्ग शांत करायची युक्ती झाली की मुलं तिला शिक्षाच समजतात.

आणि श्वासाने कागदपत्रांचा ढीग कमी होत नाही. अशैक्षणिक कामांचा बोजा हा बैठकीत मांडायचा विषय आहे, त्याचं ओझं दीर्घ श्वासावर टाकू नये. झोप उडाली असेल, सतत भीती किंवा उदासी वाटत असेल तर डॉक्टरांकडे जावं. 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं. काहींना डोळे मिटून बसलं की जास्तच अस्वस्थ वाटतं, त्यांनी डोळे उघडे ठेवावेत.

मुलांसोबत काही करायचंच असेल तर परिपाठात एकदाच घंटा वाजवा. आवाज पूर्ण विरला असं ज्याला वाटेल त्याने हात वर करायचा. सगळे हात एकाच वेळी वर जात नाहीत, आणि त्यावर मुलं स्वतःहूनच बोलायला लागतात.