त्रिकोण आधी हलव

पोरी, आता ही सोनोग्राफीची खुर्ची तुझी. पडद्याच्या कडेला फोकसचा छोटा त्रिकोण असतो ना, त्याच्याकडे बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहू नकोस. मघाशी टेबलावर सडपातळ मुलगी होती, आता गंगावेस तालमीचा पैलवान झोपलाय. मशीनला त्याचं काय? त्रिकोण तिथंच.

तू त्रिकोण खाली ओढतेस तेव्हा प्रोबमध्ये काहीही हलत नाही. तोंडाशी शंभरेक बारीक सिरॅमिकचे तुकडे असतात, त्यांनी कुणी कधी ध्वनी सोडायचा एवढंच बदलतं. कडेचे आधी, मधले मागाहून. लांबचे पाहुणे आधी निघाले तरच सगळे अक्षतांना एकदम पोचतात, तसंच. सपाट प्रोबचा 2 सेंटिमीटर पट्टा वापरून 6 सेंटिमीटरवर नेम धरलास, तर हा फरक जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद.

खड्याच्या बाबतीत हे फार नडतं. खडा 3 मिलिमीटरचा आणि किरण त्याहून रुंद असला, की बाजूनं निसटलेला ध्वनी मागची सावली भरून काढतो. त्रिकोण खड्याच्या पातळीला आण, फ्रिक्वेन्सी झेपेल तेवढी चढव. साडेतीन मेगाहर्ट्झला तरंगलांबी 0.44 मिलिमीटर, पाचला 0.31. एवढं करूनही सावली दिसली नाही, तर मग बोल.

किरणाच्या जाडीच्या दिशेचा फोकस मात्र आपल्या हातात नाही. तो प्रोबच्या रबरी भिंगानं कारखान्यातच ठरवलेला. जाड किरणात शेजारचंही मिसळतं, म्हणून पित्ताशयात खोटा गाळ दिसतो. पेशंटला कुशीवर वळव. खरा असेल तर सहसा सरकतो. अर्थात, सकाळी मिसळ हाणून आलेल्याचं पित्ताशय मिटलेलंच असतं, तिथं कसला फोकस? सहा तास उपाशी बोलाव.

चरबी जास्त असली की गेन वाढवत बसू नकोस. मशीन सेकंदाला 1540 मीटर वेग धरून हिशेब करतं, चरबीत तो 1450च्या आसपास; नेम बिघडतो. फासळ्यांमधून वाट शोध. बाळाचं हृदय बघताना त्रिकोण एकच ठेव, तीन लावलेस की चित्र अडखळतं. आणि गरोदर बाई असली तर आधी एफ फॉर्म, मग जेल. गर्भलिंग तपासणी रोखायला सोनोग्राफीवर सायलेंट ऑब्झर्व्हर बसवणारं कोल्हापूर आहे हे.

सकाळी जेल न लावता प्रोब हवेत धर. वरच्या पट्ट्यांत उभी काळी रेघ दिसली, तर एखादा तुकडा मेलाय, इंजिनिअरला बोलाव. आणि स्पिरिटनं पुसू नकोस, रबर तडकतं.