कागद-पेन्सिलीचा शास्त्रज्ञ : लेव्ह लांडाऊ

मुलामुलींनो, शास्त्रज्ञ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? काचेच्या नळ्या, दिवे, तारा, दुर्बीण. पण काही शास्त्रज्ञांजवळ यांतले काहीच नसते. कागद, पेन्सिल आणि स्वतःचे डोके, एवढेच त्यांचे सामान. दुसऱ्याने केलेला प्रयोग असाच का झाला, हे ते गणित मांडून शोधून काढतात. पुढे काय दिसेल तेही आधीच सांगतात. अशांना सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात. नाव जड आहे, पण काम समजण्यासारखे आहे. रशियाचे लेव्ह दाविदोविच लांडाऊ हे असे एक फार मोठे शास्त्रज्ञ. त्यांची ही हकिगत. पालकांनीही जाता जाता वाचावी.

लहानपण

लेव्हचा जन्म २२ जानेवारी १९०८ रोजी बाकू शहरात झाला. हे शहर कॅस्पियन समुद्राच्या काठी आहे. तेव्हा ते रशियाच्या साम्राज्यात होते, आज ते अझरबैजान देशाची राजधानी आहे. बाकूच्या जमिनीत खनिज तेल सापडते. लेव्हचे वडील तेलाच्या कामावर इंजिनियर होते आणि आई डॉक्टर होती.

लेव्हला गणिताचे भारी वेड. तेराव्या वर्षी त्याची शाळाच संपली! एवढ्या लहान मुलाला विद्यापीठात कसे पाठवायचे? म्हणून घरच्यांनी त्याला एक वर्ष दुसऱ्या शाळेत घातले. चौदाव्या वर्षी, म्हणजे १९२२ साली, तो बाकूच्या विद्यापीठात गेला. १९२४ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी लेनिनग्राडला आला. या शहराला आज सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. १९२७ मध्ये तो पदवीधर झाला, तेव्हा वय होते अवघे एकोणीस.

पुढे लांडाऊ युरोपात फिरले. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला नील्स बोर नावाचे थोर शास्त्रज्ञ होते. त्यांच्याजवळ राहून ते शिकले. मी बोर यांचा विद्यार्थी, असे लांडाऊ जन्मभर सांगत.

‘सावधान, चावतो!’

१९३२ मध्ये लांडाऊ युक्रेनमधल्या खार्कोव्ह शहरी एका मोठ्या संशोधन संस्थेत गेले. वय चोवीस, अंगाने किडकिडीत, पण चूक दिसली की तोंडावर बोलणार. त्यांच्या खोलीच्या दारावर पाटी होती : ‘लांडाऊ. सावधान, चावतो!’

सोबती त्यांना लाडाने ‘दाऊ’ म्हणत. याचीही एक गंमत आहे. फ्रेंच भाषेत ‘लान’ म्हणजे गाढव. तेव्हा लांडाऊ म्हणजे ‘गाढव दाऊ’, असे ते स्वतःच हसत हसत सांगत. दुसऱ्याला चावणारा माणूस स्वतःलाही सोडत नव्हता, बरे का!

शिकवण्याची त्यांना फार हौस. त्यांनी एक परीक्षा सुरू केली. कोणीही यावे, आधी गणिताची उत्तरे द्यावीत, मग भौतिकशास्त्राचा एकेक विषय पार करावा. वशिला नाही, ओळख नाही. पार झालेल्यांची यादी ते स्वतः ठेवत. १९३३ ते १९६१ या काळात त्या यादीत फक्त ४३ नावे चढली. त्यांतल्या अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांना पुढे २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वाहताना न अडणारा द्रव

१९३७ मध्ये लांडाऊ मॉस्कोला आले. तिथल्या संस्थेचे प्रमुख होते प्योत्र कापित्सा. कापित्सा प्रयोग करणारे, लांडाऊ गणित करणारे. त्या सुमारास कापित्सांना एक अजब गोष्ट दिसली.

ती समजायला आधी घरी एक प्रयोग करा. पाटी तिरकी धरा. एका बाजूला पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या बाजूला काकवीचा. पाणी झटकन खाली येते, काकवी रेंगाळते. काकवीला चिकटपणा जास्त, पाण्याला कमी. पण थोडा तरी चिकटपणा प्रत्येक द्रवाला असतोच, असे सगळ्यांना वाटत होते.

हेलियम हा हलका वायू. हवेत वर जाणाऱ्या फुग्यांत तो भरतात. त्याला उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केले की त्याचा द्रव होतो. (बर्फ होते ते शून्य अंशाला. मग ही थंडी किती, विचार करा!) आणखी थंड करत सुमारे उणे २७१ अंशाला नेले की त्याचे खदखदणे एकदम थांबते आणि जादू झाल्यासारखे होते. ज्या फटीतून पाण्याचा टिपूसही जाणार नाही, तिच्यातून तो न अडता वाहतो. उघड्या भांड्यात ठेवला तर भांड्याच्या कडेवरून चढून बाहेर येतो! याला अतिप्रवाहिता म्हणतात. त्याच वेळी इंग्लंडात केंब्रिजला अॅलन आणि माइझनर या दोघांनाही हेच दिसले.

दिसले खरे, पण असे का होते? कारण सांगणारा माणूस हवा होता. आणि नेमका तोच माणूस तुरुंगात गेला.

जामीन

त्या काळी सोव्हिएत संघात स्टालिनची सत्ता होती. १९३७ आणि १९३८ ही वर्षे फार वाईट गेली. लाखो लोकांना पकडले, पुष्कळांना गोळ्या घातल्या. लांडाऊंचे खार्कोव्हचे सहकारी शुब्निकोव्ह यांना १९३७ मध्ये असेच मारले. ज्याला नेले त्याचे नाव काढायलाही शेजारीपाजारी भीत. कारण नाव काढणाऱ्यावरही पाळत बसायची.

२८ एप्रिल १९३८ रोजी लांडाऊंना पकडले. स्टालिनच्या राजवटीविरुद्धच्या एका पत्रकात त्यांचा हात आहे, असा आरोप होता. ते पुरे एक वर्ष कोठडीत होते. तब्येत इतकी ढासळली की चालणेही कठीण झाले. कागद-पेन्सिल नव्हती, म्हणून ते मनातल्या मनात गणिते करत.

कापित्सा गप्प बसले नाहीत. अटक झाली त्याच दिवशी त्यांनी स्टालिनला पत्र लिहिले. नील्स बोर यांनीही डेन्मार्कहून पत्र लिहिले. उपयोग झाला नाही. तरी कापित्सा थांबले नाहीत. १९३९ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पंतप्रधान मोलोटोव्ह यांना कळवले : हेलियमच्या प्रयोगांत मला नव्या गोष्टी दिसत आहेत, त्या उलगडायला लांडाऊ हवेत. शेवटी त्यांनी स्वतःच्या सहीने लेखी हमी दिली, की हा माणूस सरकारविरुद्ध काही करणार नाही, त्याची जबाबदारी माझी. तेव्हा कुठे लांडाऊ सुटले.

आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहतात. कर्ज थकले तर जामीनदाराच्या दारात जप्ती येते. म्हणून जामीन राहायला माणूस दहा वेळा विचार करतो. कापित्सा तर माणसाला जामीन राहिले, आणि बुडाले असते तर घरदार नव्हे, जीवच गेला असता.

उलगडा

लांडाऊंनी १९४१ मध्ये हेलियमचे कोडे सोडवले. त्यांनी सांगितले, की हा द्रव दोन प्रवाह मिसळल्यासारखा वागतो. एक साध्या द्रवासारखा, दुसऱ्याला चिकटपणा मुळीच नाही. थंडी वाढेल तसा दुसऱ्याचा वाटा वाढत जातो. गणितावरून त्यांनी हेही सांगितले, की या द्रवातून उष्णता आवाजासारखी लाटांनी जाईल. १९४४ मध्ये पेश्कोव्ह यांनी प्रयोग केला, तेव्हा त्या लाटा खरेच सापडल्या. आधी कागदावर, मग भांड्यात!

येव्हगेनी लिफ्शिट्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी भौतिकशास्त्राची मोठी ग्रंथमाला लिहायला घेतली. तिचे दहा खंड झाले. काही खंड लांडाऊंच्या मागे लिफ्शिट्स आणि पितायेव्हस्की यांनी पुरे केले. आपल्या देशातल्या विद्यापीठांतही ते अभ्यासतात.

शेवटची वर्षे

७ जानेवारी १९६२ रोजी बर्फाळ रस्त्यावर लांडाऊंच्या मोटारीची ट्रकशी टक्कर झाली. कित्येक आठवडे शुद्ध नव्हती. त्यांचे विद्यार्थी आणि सोबती दवाखान्यात पाळीपाळीने बसत. परदेशांतून औषधे आली, नामवंत डॉक्टर आले. ज्या माणसाच्या दारावर ‘चावतो’ अशी पाटी होती, त्याच्यासाठी केवढी माणसे धावली पाहा.

जीव वाचला. त्याच वर्षी हेलियमच्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वीडनला जाणे शक्य नव्हते, म्हणून ते मॉस्कोतच त्यांच्या हाती दिले. पण त्यांना पुन्हा संशोधन करता आले नाही. १ एप्रिल १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. कापित्सांनाही १९७८ मध्ये नोबेल मिळाले.

मुलांनो, लांडाऊंची बुद्धी विलक्षण होती यात शंका नाही. पण १९३८ साली ती कोठडीत बंद होती. तिला बाहेर आणले ते एका माणसाच्या सहीने. हुशार होणे सगळ्यांना जमेल असे नाही. पण आपला सोबती अडचणीत असताना त्याचे नाव मोठ्याने घेणे, हे मात्र आपल्यातल्या कुणालाही जमू शकते.

सांगा पाहू

१. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ काय काम करतो?
२. काकवी पाण्यापेक्षा सावकाश का ओघळते?
३. उणे २७१ अंशाच्या आसपास हेलियममध्ये कोणता बदल होतो?
४. कापित्सा गप्प बसले असते तर काय झाले असते? घरी आईवडिलांशी बोला आणि पाच ओळी लिहून आणा.