सही करण्याआधी, मनू

मनू,

काल फोनवर तू एका दमात सांगून टाकलंस, "ताई, डॉक्टरांनी वजनाच्या ऑपरेशनची तारीख दिली, सव्वीसची." पुढची पंधरा मिनिटं आपण काय बोललो? हॉस्पिटलात सोबत कोण राहणार, चिनूचा डबा कोण करणार आणि सासूबाईंना काय सांगायचं. पित्ताशयाचं ऑपरेशन आहे असं सांगायचं, हे तू ठरवूनही टाकलंस. धोका काय काय आहे ते विचारलंस का, असं मी म्हटलं तर तुझं उत्तर, "ते म्हणाले, एकदम सेफ आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनइतकंच." म्हणजे सासूला थाप मारायलाही पित्ताशय आणि तुला धीर द्यायलाही पित्ताशयच! फोन ठेवला आणि मला काही केल्या झोप लागेना.

मी तुला अडवत नाहीये हं. मी स्वतः करून बसलेली बाई आहे. आठ वर्षं झाली. ११२ किलोची होते, आता ७८. शुगरची गोळी सुटली, पर्वती न थांबता चढते. पण त्या फॉर्मवर मी सही कशी केली, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आदल्या रात्री साडेनऊला एक तरुण डॉक्टरीणबाई आली. जेवणाचं ते चाकाचं टेबल पुढे ओढून तिने चार पानं ठेवली. बारीक इंग्रजी अक्षरं. माझ्या उजव्या मनगटाला सलाईनची सुई, त्यामुळे सहीसुद्धा धड उमटेना, कोंबडीचे पाय आले. "इथे तुमची, इथे मिस्टरांची." ह्यांनी विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, "रुटीन असतं." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. बँकेत एफडीच्या कागदावर याहून जास्त वेळ घालवतो गं आपण.

ऑपरेशन छान झालं. माझा घोळ त्याच्या आधीच होऊन बसला होता. सहा वर्षं मी रोज सकाळी चहाआधी पित्ताची गोळी घेत होते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पट्टी आणायची आणि घ्यायची. आपल्या घरात पित्त म्हणजे आजार थोडाच, ते तर आईकडून आलेलं आंदण! डॉक्टरांनी विचारलं, औषधं कोणती चालू आहेत? मी शुगरची सांगितली, बीपीची सांगितली. ही गोळी मला औषध वाटलीच नाही. त्यांनीही खोदून विचारलं नाही, तोंडातून दुर्बीण घालून तपासलंही नाही. माझं स्लीव्ह केलं. त्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढून टाकतात, आमटीच्या वाटीएवढं मावेल अशी एक नळी उरते. त्या अरुंद नळीत दाब वाढतो, आणि ज्यांना मुळात घशाशी येतं त्यांचं ते पुष्कळदा वाढतं. अशा माणसाला स्लीव्हऐवजी पोटाच्या बायपासचा विचार सांगतात, हे मला ऑपरेशननंतर दीड वर्षाने कळलं. तुला वाटायचं ना, माझ्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा कशाला? त्या वास्तूच्या नाहीत. रात्री आंबट पाणी घशाशी येऊन ठसका लागतो म्हणून आहेत. उद्या कदाचित पुन्हा टेबलावर जाऊन बायपास करून घ्यावा लागेल.

आता डॉक्टरांना दोष किती द्यायचा आणि मला किती, याचा हिशेब मी बरीच वर्षं मांडला. निम्मा निम्मा येतो. म्हणून तुला विचारते, तू काय काय सांगितलेलं नाहीस?

मशेरी सांगितलीस? लाजू नकोस. चिनूच्या बाळंतपणानंतर सासूबाईंचं बघून लागली ती, मला माहीत आहे. सकाळी मोरीचं दार लावून दहा मिनिटं तू नुसते दात घासत नाहीस. डॉक्टर विचारणार, "स्मोकिंग?" तू म्हणणार, "छे!" आणि ते खरंच असणार. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. निकोटिन विडीतून जावो की हिरडीतून, रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. बायपासनंतर तंबाखू चालू राहिला तर जोडाच्या जागी अल्सर होण्याची भीती असते. मशेरी किती आठवडे आधी सुटायला हवी, ते स्पष्ट विचार. आणि सव्वीस तारखेपर्यंत नसेल सुटत, तर तारीख पुढे ढकलायला सांग. तारीख काय लग्नाच्या मुहूर्ताची आहे का?

गुडघ्यासाठी अधूनमधून कॉम्बिफ्लाम घेतेस, तेही सांग. बायपासनंतर त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या जवळजवळ बंदच होतात, त्यांनीही अल्सर होतो. घोरतेस तेही सांग. तुझा सचिन चेष्टा करतो, पण झोपेत श्वास अडकत असेल तर भूल देताना आणि नंतरची पहिली रात्र त्याने धोका वाढतो. भूलतज्ज्ञाला ते आधी कळायला हवं. आणि त्या तुझ्या मैत्रिणीसारखं वजनाचं इंजेक्शन गुपचूप घेत असलीस, तर तेही. २०२५ पासून आपल्याकडे मौंजारो आणि वेगोव्ही आली, आणि आता भिशीतसुद्धा त्यांच्याच गप्पा. त्यांनी पोट सावकाश रिकामं होतं, भूल देताना उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. घेत नसलीस तर उलटं विचार, "डॉक्टर, माझ्यासाठी आधी इंजेक्शन करून बघणं कितपत शहाणपणाचं?" भला डॉक्टर या प्रश्नावर चिडणार नाही.

झाली तुझी बाजू. आता त्यांची.

"किती ऑपरेशनं केलीत?" असं सगळेच विचारतात. त्याचं उत्तर भिंतीवरच्या फ्रेममध्ये असतंच. तू विचार, "त्यातल्या किती जणांना त्रास झाला, आणि मग तुम्ही काय केलंत?" जो म्हणेल, माझ्या हातून आजवर काहीच बिघडलं नाही, त्याने एकतर फार थोडी केलीत किंवा तो सांगत नाहीये. मी ज्यांचं नंतर दुसरं मत घेतलं, त्या सर्जनबाईंनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे पोटाचं चित्र काढलं, स्टेपलच्या रेघेवर पेनाने वरच्या टोकाशी टिंब दिलं आणि म्हणाल्या, "गळायचं झालं तर बहुतेकदा इथून." त्या एका टिंबाने मला आधीच्या चार पानांपेक्षा जास्त कळलं.

सरासरी आकडे तुला कोणीही सांगेल. सरावलेल्या ठिकाणी हजारात साधारण एकाचा जीव जातो, शंभरात एखाद्याची शिवण गळते. कमीच आहेत ते, खरंच कमी. पण तू पुढचा प्रश्न विचार, "तो हजारातला एक साधारण कोण असतो? आणि मी त्याच्या किती जवळ आहे?" वजन खूप जास्त, वय जास्त, हृदय कमजोर, पूर्वी पायात गुठळी झालेली, झोपेत श्वास अडकणारा, अशांचा धोका वेगळा. तू ३४ वर्षांची, बीएमआय ४१, शुगर आहे, हृदय ठीक. तुझा आकडा तुझ्या कागदांवरून काढून मागायचा.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार? शिवण गळणं हॉस्पिटलातच लक्षात येतं असं नाही, घरी आल्यावर आठवड्याभरानेसुद्धा होऊ शकतं. पोटात कळ येईलच असंही नाही. नाडी १२०च्या वर धावते, ताप येतो, डावा खांदा दुखतो, धाप लागते. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, लिंबूपाणी घे. कोविडातलं ते बोटाला लावायचं यंत्र अजून तुमच्या शोकेसमध्ये आहे ना? ते काढ, सेल बदल. नाडी दाखवतं ते. कोणत्या आकड्याला फोन करायचा, कोणाला करायचा, ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घे. आणि इस्लामपूरहून पुण्याला यायला किती वेळ लागतो ते त्यांना सांग. पहिले दहा दिवस माझ्याकडेच राहा, वाद घालू नकोस.

फॉर्म आधी घरी माग. मराठीत असेल तर मराठीतला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका निकालात सांगून ठेवलंय की शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची संमती तिची स्वतःचीच हवी, आणि एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. त्या खटल्यातल्या बाईला नुसती दुर्बिणीची तपासणी म्हणून आत नेलं होतं, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. म्हणून विचारून ठेव, आत गेल्यावर हर्निया दिसला तर काय कराल? दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडाल का? ऐनवेळी स्लीव्हचं बायपास करायचं झालं तर? सचिनची सही घेतात ती घेऊ देत, पण तुझ्या पोटाचा निर्णय बाहेरच्या बाकावर व्हायला नको.

ऑपरेशननंतर केस गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मूठमूठ. परत येतात बहुतेक. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताचे खडे होतात (तेव्हा थाप खरी ठरेल तुझी!), त्यासाठी गोळी देतात. लोह, कॅल्शियम, डी, बी-१२ जन्मभर, आणि दरवर्षी रक्त तपासायचं. उलट्या थांबेनात तर "पोट बसतंय हळूहळू" म्हणत घरी बसायचं नाही, बी-१ कमी पडून नसांवर जातं. हरतालिकेचा निर्जळ उपास विसर. पहिल्या दिवसांत औषधाच्या टोपणाने पाणी प्यायचं असतं, तीस मिलि, पुन्हा तीस मिलि, आणि तेवढ्यातही दिवसाचं पाणी पुरं करताना नाकी नऊ येतात. पाणी कमी पडलं म्हणून कितीतरी जणी परत भरती होतात. मला दीड महिन्यानंतर भाकरीचा एक तुकडा अडकला होता, सुपारीएवढा. मोरीपाशी अर्धा तास उभी होते, तोंडाला नुसती लाळ.

एक गोष्ट सचिनसमोर विचारायला तुला संकोच वाटेल, म्हणून त्याला पाच मिनिटं बाहेर चहाला पाठव. तुम्हाला चिनूला भावंड हवंय ना? पीसीओडीमुळे दिवस राहत नाहीत म्हणून तू निर्धास्त आहेस. वजन उतरलं की पाळी आपोआप मार्गी लागते आणि नको तेव्हा राहतात. वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, कारण तुझंच पोषण तेव्हा तुटपुंजं असतं. तोवर काय वापरायचं ते विचार. बायपास असेल तर नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये म्हणतात.

पैशाचं सचिनला विचारू दे, तो त्यात हुशार आहे. फक्त एक प्रश्न त्याच्या तोंडी घाल. त्रास झाला, आयसीयूत चार दिवस जास्त लागले, पुन्हा आत न्यावं लागलं, तर ते पॅकेजमध्ये आहे का? "बघू तेव्हा" हे उत्तर घ्यायचं नाही. विमा कंपनीला बीएमआय ४० किंवा त्याच्या वर लागतो, नाहीतर ३५ किंवा त्याच्या वर आणि सोबत ठरावीक गंभीर आजार. तुझा ४१ आहे. ऑपरेशनआधी दोन आठवडे यकृत आकसावं म्हणून पातळ खाण्यावर ठेवतात, त्यात वजन उतरतंच, तेव्हा कंपनी कोणत्या दिवसाचं वजन धरते तेही आधीच विचारा.

गुरुवारी साडेअकराची वेळ आहे म्हणालीस. पहाटेची एसटी धर, मी स्वारगेटला येते. चिनूची जुनी अर्धवट भरलेली वही आण, नवीन विकत घेऊ नकोस. मी केबिनमध्ये येईन, पण खुर्चीवर तू बसायचंस आणि बोलायचंही तूच. तुझा पहिलाच प्रश्न मशेरीचा, मग बाकीचे. तुझ्याच्याने नाही निघाला तोंडातून, तर मी खोकेन.

ताई