पाळणे म्हणजे काय?

घरातला मुका जीव आपला कोण लागतो, आणि आपण त्याचे कोण? खेड्यात गोठ्याकडे बोट दाखवून विचारले, तर माणूस म्हणतो, "मी यांचा धनी." शहरात तोच 'मालक' होतो. अलीकडे पुण्यामुंबईकडे कुत्र्यामांजरांची माणसे स्वतःला त्यांचे आई-बाबा म्हणवतात; 'पेट पॅरेंट' असा शब्दही कानी येतो. जुन्या मंडळींना याचे हसू येते. पण गाईला आई म्हणणाऱ्या आपण हसावे कशाला?

परदेशातही या नावाचा विचार झाला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर शहराने २००० साली आपल्या नगरनियमांत जनावराच्या 'मालका'च्या जागी 'पालक' अशा अर्थाचा शब्द घातला. मालक म्हटले की जनावर ही एक वस्तू ठरते, आणि वस्तू नकोशी झाली की माणूस ती टाकून देतो, हा त्यामागचा विचार. आपल्या देशात प्राण्यांच्या छळाला आळा घालणारा १९६० चा कायदा आहे. त्यात शब्द 'मालक' असाच आहे. पण ज्याच्या ताब्यात जनावर आहे तोही त्यात मालकच धरला आहे. पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे किंवा उपाशी मरेल असे सोडून देणे, हा गुन्हा सांगितला आहे. म्हणजे मालकी आली की तिच्याबरोबर कर्तव्यही आलेच.

आता आपल्या मराठीकडे पाहू. आपण कुत्रा 'पाळतो'. एकादशीही पाळतो, वैद्याने सांगितलेले पथ्य पाळतो, दिलेला शब्दही पाळतो. शब्द एकच आहे. तो नीट उकलला, म्हणजे नात्याचे कोडे सुटते.

पहिली गोष्ट नेमाची. एकादशी सवडीने पाळता येत नाही. तशीच दारच्या कुत्र्याची भाकर. घरात लग्न असो, पाऊस असो, त्याची वेळ चुकता कामा नये.

दुसरी गोष्ट सोसण्याची. पथ्य अवघड झाले म्हणून सोडले, तर ते पाळले असे कोण म्हणेल? गाय भाकड झाली, कुत्रा म्हातारा होऊन आंधळा झाला, की खरे पाळणे तिथून सुरू होते.

तिसरी गोष्ट मानाची. पोळ्याच्या आदल्या सांजेला खांदेमळणी करतात. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि उद्या जेवायला या, असे आवतण देतात. आवतण कोणी चाकराला देत नाही, पाहुण्याला देतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याची ती ओळख आहे. आणि नामदेवरायांची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला, तेव्हा कोरडी खाऊ नको म्हणत ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. ते कुत्रे काही त्यांनी पाळलेले नव्हते. मग आपण हौसेने आणून दारी बांधलेल्या जिवाचा आपल्यावर किती हक्क असेल!

हे सारे आम्ही वारीच्या तोंडावर मुद्दाम मांडतो. आळंदीहून पालखीबरोबर निघालेला माणूस तीन आठवडे घराबाहेर राहतो. जाताना तो म्हणतो, "घरी कोणीतरी बघेल." हा 'कोणीतरी' फार वेळा कोणीच नसतो. म्हणून निघण्यापूर्वी एकाच माणसाचे नाव ठरवा. जनावर काय खाते, केव्हा खाते, कशाला भिते, हे त्याला समोर उभे करून सांगा. वैरण आणि दाण्याचे पैसे आधी द्या. पावसाळा लागण्यापूर्वीच गुरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचून घ्या, कुत्र्याला पिसाळीची. गोठ्यातली जागा कोरडी करा. कुत्र्याला बांधून कुलूप लावून जाऊ नका. आणि हे काही जमणारच नसेल, तर यंदा घरातल्या एकाने मागे राहावे.

आपण विठ्ठलाला माउली म्हणतो, आणि आईने करावे ते सारे त्याच्याकडून हक्काने मागतो. दारचा मुका जीव आपल्याला काय म्हणत असेल, ते कळत नाही. पण मागतो मात्र तो तेच. तेव्हा धनी म्हणा, मालक म्हणा, आई-बाप म्हणा. पाळले आहे एवढे ध्यानी ठेवा.