हिशेबाचा आलेख : वेळ कमी असेल तर आराखडा लहान करा

मार्च संपला की वसई, नालासोपारा, विरार भागातील दुकानदार व लहान कारखानदार हिशेबाला बसतात. भागीदार विचारतात, "वर्षभरात काय झाले ते दाखवा." वह्या चाळण्याऐवजी आलेख मांडण्याची पद्धत आता पडली आहे. पण दिवस थोडे, बिले विखुरलेली आणि मनात दहा आलेखांची यादी, अशा वेळी भलेभले गोंधळतात. घाबरून काढलेला आलेख खोटे बोलतो आणि त्यावरून चांगली भागीदारी मोडू शकते. म्हणून आधी मन शांत करावे, मग आराखडा लहान करावा.

अडचणीतून निघालेली वाट

स्कॉटलंडचा विल्यम प्लेफेअर हा मूळचा कारागीर. गिरणीची यंत्रे बांधणाऱ्या अँड्र्यू मीकल यांच्या हाताखाली तो शिकला. पुढे वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॉट यांच्याकडे यंत्रांची चित्रे काढत असे. १७८६ मध्ये त्याने इंग्लंडच्या व्यापारावर आलेखांचे पुस्तक काढले. त्यातील जवळजवळ सर्व आलेख अनेक वर्षांची चढउतार दाखवणाऱ्या रेषांचे होते. स्कॉटलंडचे आकडे मात्र एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेषा कशी ओढणार? त्याने हट्ट सोडला आणि प्रत्येक देशाशी झालेली आयात व निर्यात साध्या पट्ट्यांनी दाखवली. त्याला स्वतःला हा आलेख कमी दर्जाचा वाटत होता. आज तोच स्तंभालेख शाळेच्या पुस्तकापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे दिसतो. हाती जे आहे तेवढ्यावर काम बेतले, तर ते कमीपणाचे ठरत नाही.

काम कसे करावे?

१. एक प्रश्न लिहा. "दुकान वाढते आहे की घटते आहे?" या प्रश्नाला उपयोगी नाही तो आलेख यादीतून काढा.

२. आधी कागदावर पेन्सिलीने काढा. चूक तिथेच दिसते. रंग, सजावट शेवटी.

३. स्तंभ शून्यापासून सुरू करा. विक्री १०० वरून ९० झाली आणि स्तंभ ८० पासून काढला, तर धंदा निम्मा झाल्यासारखा दिसतो.

४. हिशेबात नसलेल्या माणसाला दाखवा. त्याला जे समजले तेच भागीदारांना समजेल.

ईदचा हिशेब वेगळा मांडा

आपल्या बाजारात एक गोष्ट फार फसवते. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकते. रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला आली. म्हणजे एप्रिल ते मार्च धरल्यास २०२३-२४ मध्ये एक ईद, २०२४-२५ मध्ये दोन आणि २०२५-२६ मध्ये पुन्हा एकच.

समजा, एका कपड्याच्या दुकानाची एरवीची विक्री वर्षाला ४० लाख आणि ईदच्या आधीच्या दहा दिवसांची ६ लाख. मग तीन वर्षांचे आकडे येतील ४६, ५२ आणि ४६ लाख. आलेख पाहून कोणीही म्हणेल, धंदा चढला आणि घसरला. भागीदार हात काढून घेईल, घाऊक व्यापारी उधारी आखडेल. प्रत्यक्षात दुकान होते तिथेच आहे!

उपाय सोपा आहे. ईदच्या दहा दिवसांची विक्री वेगळ्या स्तंभात दाखवावी आणि एका ईदची तुलना दुसऱ्या ईदशी करावी. उरलेल्या दिवसांची विक्री दुसऱ्या आलेखात मांडावी. दोन साधे आलेख पुरतात. खाली एका ओळीत ईदच्या तारखा लिहाव्यात, म्हणजे पाहणाऱ्याला कारण विचारावे लागत नाही. शिंप्यांनी, चपला व अत्तर विकणाऱ्यांनीही हेच करावे. फक्त त्यांचे गर्दीचे दिवस वेगळे असतील, ते स्वतःच्या वहीतून शोधावेत.

बैठकीला दोन दिवस उरले असतील तर आठ आलेख सोडून द्या. हे दोन नीट करा, बेरीज पुन्हा तपासा आणि निश्चिंतपणे बैठकीला जा. भागीदाराला खरे चित्र दाखवणे हा व्यवहारातील प्रामाणिकपणाचाच भाग आहे.